ग्रहांच्या कक्षेचा तक्ता कसा वाचायचा: लंबवर्तुळाच्या दोन अक्षांपासून सुरुवात

एखाद्या नव्या धूमकेतूची बातमी येते, तुम्ही उत्साहाने त्याच्या कक्षेचा तक्ता उघडता, आणि समोर नुसती अक्षरं आणि दशांशचिन्हापुढे आठ-आठ आकडे. 'ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरतात' हे शाळेतलं वाक्य इथे फारसं कामाला येत नाही. लंबवर्तुळ म्हणजे किती लांबट? सूर्य त्यात नेमका कुठे? एक फेरी किती वर्षांची? तक्त्यातल्या दोनच आकड्यांवरून हे सगळं काढता येतं, आणि गणित दहावीच्या पलीकडचं नाही. हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात नव्याने येणाऱ्यांना मी हे शिकवतो. गोंधळ नेहमी ठरावीक जागीच होतो, म्हणून त्या जागा दाखवत पायऱ्या लिहिल्या आहेत.

आधीच सांगून ठेवतो: ग्रहांच्या कक्षा चपट्या फार कमी असतात, सरकलेल्या (म्हणजे सूर्य मध्यावर नसून बाजूला असलेल्या) मात्र बऱ्यापैकी असतात. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

काय काय जवळ हवं

वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर (मोबाइलमधला आडवा धरला की बहुधा येतो) किंवा स्प्रेडशीट. एक मोठा कागद, त्याखाली ठेवायला जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल, दोन टाचण्या, न ताणला जाणारा दोरा, पट्टी, पेन्सिल. आकड्यांसाठी नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचा लघुपिंडांचा (लघुग्रह, धूमकेतू वगैरेंचा) डेटाबेस. तो सगळ्यांना मोफत खुला आहे. लोकरीचा किंवा इलॅस्टिकचा दोरा घेऊ नका, आकृती हमखास बिघडते.

पायरी १: दोन्ही अक्ष ओळखा

लंबवर्तुळाच्या मध्यातून जाणारी सर्वांत लांब रेघ म्हणजे दीर्घ अक्ष. मध्यातूनच तिला काटकोनात जाणारी सर्वांत आखूड रेघ म्हणजे लघु अक्ष. दीर्घ अक्षावर, मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन बिंदू असतात. त्या नाभी. सूर्य एका नाभीत असतो. दुसऱ्या नाभीत काहीही नसतं; तिथे एखादा अदृश्य तारा असावा असं अनेकांना वाटतं, पण ती जागा खरोखरच मोकळी असते.

आता पहिला सापळा. तक्त्यांत कधीच पूर्ण अक्ष दिलेला नसतो, त्याचा अर्धा भाग दिलेला असतो. त्याला अर्धदीर्घ अक्ष म्हणतात आणि तो इंग्रजी 'ए' या अक्षराने दाखवतात. अर्धलघु अक्षासाठी 'बी', मध्यापासून नाभीपर्यंतच्या अंतरासाठी 'सी'. पृथ्वीचा 'ए' १ खगोलीय एकक, म्हणजे सुमारे १४ कोटी ९६ लाख किमी. कक्षेची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी त्याच्या दुप्पट. हा दुपटीचा घोळ एकदा झाला की पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

दुसरा सापळा लघु अक्षाचा. तो मध्यातून जातो, सूर्यातून जात नाही. हॅलेच्या धूमकेतूसारख्या कक्षेत या दोन जागांमध्ये प्रचंड अंतर असतं: मध्यावर कक्षेची अर्धी रुंदी ४.५४ खगोलीय एकक, आणि सूर्य आहे तिथे दीर्घ अक्षाला काटकोनात मोजलं तर फक्त १.१५.

पायरी २: तक्त्यातून फक्त दोन आकडे उचला

'ए' आणि 'ई'. बाकीच्या रकान्यांकडे आत्ता बघू नका.

'ई' म्हणजे विकेंद्रता. मध्यापासून नाभी किती दूर आहे, ते अर्धदीर्घ अक्षाच्या तुलनेत सांगणारा आकडा: ई = सी ÷ ए. शून्य असेल तर वर्तुळ. एकाकडे सरकत गेला की कक्षा लांबट होत जाते. त्याला एकक नसतं, त्यामुळे किमी की खगोलीय एकक हा प्रश्न फक्त 'ए'बाबत येतो.

सरावासाठी हे पाच पिंड पुरेत. पहिला आकडा 'ए' (खगोलीय एककांत), दुसरा 'ई':

बुध: ०.३८७, ०.२०५६
पृथ्वी: १.०००, ०.०१६७
मंगळ: १.५२४, ०.०९३४
प्लूटो: ३९.४८, ०.२४९
हॅलेचा धूमकेतू: १७.८३, ०.९६७१

पायरी ३: लघु अक्ष स्वतः काढा

तक्त्यात 'बी' सापडत नाही म्हणून शोधत बसू नका, तो सहसा देतच नाहीत. 'ए' आणि 'ई' कळले की तो आपोआप ठरतो:

बी = ए × √(१ − ई²)

बुधासाठी करून बघू. ई चा वर्ग ०.०४२३. एकातून वजा केला, ०.९५७७. वर्गमूळ ०.९७८६. म्हणजे बुधाचा लघु अक्ष दीर्घ अक्षाच्या जवळपास ९८ टक्के. आठही ग्रहांत सर्वांत विकेंद्री कक्षा बुधाची, आणि तीसुद्धा दोनच टक्के चपटी! मंगळाची अर्ध्या टक्क्याहून कमी. पृथ्वीच्या बाबतीत अर्धदीर्घ आणि अर्धलघु अक्षांत फरक फक्त सुमारे २१ हजार किमी निघतो, म्हणजे १५ कोटी किमीच्या अंतरात दोन पृथ्व्याही शेजारी शेजारी बसणार नाहीत एवढा.

कारण त्या वर्गात आहे. लहान संख्येचा वर्ग आणखी लहान होतो, म्हणून चपटेपणा 'ई'च्या मानाने फारच सावकाश वाढतो. ई ०.५ झाली तरी लघु अक्ष दीर्घ अक्षाच्या ८७ टक्के असतो. ०.८ ला ६० टक्के. त्यापुढे मात्र घसरण झपाट्याने होते, आणि हॅलेपाशी आपण २५ टक्क्यांवर येतो.

'विकेंद्रता ०.२ म्हणजे कक्षा २० टक्के चपटी' हा समज इतका पसरलेला आहे की चांगल्या लेखांतही दिसतो. तो सोडून द्या.

पायरी ४: सूर्याला त्याच्या जागी बसवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होतं.

सी = ए × ई. इथे वर्ग नाही. पृथ्वीसाठी हे अंतर सुमारे २५ लाख किमी येतं. अक्षांतला फरक २१ हजार किमी, आणि सूर्याचं मध्यापासून सरकणं २५ लाख किमी! पृथ्वीची कक्षा व्यवहारात वर्तुळच आहे, फक्त सूर्य त्याच्या मध्यावर नाही. मंगळाचं पाहा: अक्षांतला फरक सुमारे १० लाख किमी, सूर्य सरकलेला २ कोटी १३ लाख किमी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही, दुर्बिणीतून दिसतं. मंगळ प्रतियुतीत येतो, म्हणजे पृथ्वीवरून बघताना सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो, तेव्हा तो आपल्याला सर्वांत जवळ असतो, पण प्रत्येक प्रतियुती सारखी नसते. ऑगस्ट २००३ मध्ये तो ५ कोटी ५८ लाख किमीवर आला होता. मार्च २०१२ च्या प्रतियुतीत १० कोटी किमीच्या थोडा पुढेच राहिला. मंगळ आपल्या कक्षेच्या सूर्याजवळच्या टोकापाशी असताना प्रतियुती झाली की बिंब मोठं दिसतं, दूरच्या टोकापाशी झाली की दुर्बीण लावूनही निराशा. हा सगळा फरक मुख्यतः सरकण्याचा आहे. कक्षेचा चपटेपणा त्यात नावापुरता.

म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला मंगळाने इतकं छळलं. सूर्य मध्यापासून बाजूला ठेवलेलं वर्तुळ घेऊन त्याने बरंच काही जमवलं होतं. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या निरीक्षणांशी तफावत उरली ती फक्त ८ कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी ती निरीक्षणाची चूक म्हणून सोडून दिली असती. केप्लरचा टायकोच्या आकड्यांवर विश्वास होता, म्हणून त्याने वर्तुळ सोडलं. मंगळाचं लंबवर्तुळ १६०९ मध्ये छापून आलं.

पायरी ५: एकदा तरी हाताने काढा

स्क्रीनवर बघून हे पटत नाही, कागदावर पटतं. अर्धदीर्घ अक्ष १० सेंमी धरा म्हणजे गुणाकार सोपे होतात.

बुधासाठी दोन टाचण्यांमधलं अंतर सी च्या दुप्पट, म्हणजे ४.१ सेंमी. दोऱ्याला गाठ मारून वेढा करा. वेढ्याची एकूण लांबी २ × ए + २ × सी, म्हणजे २४.१ सेंमी. वेढा दोन्ही टाचण्यांभोवती टाका, पेन्सिलीने ताणून धरा आणि ताण सुटू न देता फिरवत न्या. एका टाचणीजवळ 'सूर्य' लिहा. गाठीला दोरा किती खर्च होतो ते गृहीत धरायला विसरू नका. वेढा तयार झाल्यावर पट्टीवर ताणून मोजणं उत्तम.

नंतर त्याच कागदावर, टाचण्यांच्या बरोबर मध्यावर कंपासचं टोक ठेवून १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. दोन्ही रेघा लघु अक्षाच्या टोकांपाशी जेमतेम २ मिमीने वेगळ्या होतील. सूर्य मात्र मध्यापासून २ सेंमी दूर बसलेला दिसेल.

पृथ्वीची कक्षा अशी काढायचा प्रयत्न करू नका. या मापात तिचा चपटेपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा येतो, पेन्सिलीची रेघच त्याच्या कितीतरी पट जाड असते. हॅलेसाठी टाचण्या १९.३ सेंमी अंतरावर आणि वेढा ३९.३ सेंमी. कक्षेची अर्धी रुंदी अडीच सेंमी भरेल, आणि सूर्य टोकापासून अवघ्या ३ मिमीवर येईल.

आता कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा. तिथे पृथ्वीची कक्षा चांगली अंडाकृती काढलेली असते. कक्षेचं प्रतल तिरकं बघितल्यासारखं दाखवतात म्हणून ती तशी दिसते, पण हे चित्राखाली कुणी लिहीत नाही. त्यातूनच 'पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून हिवाळा' ही समजूत तयार होते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महाबळेश्वरला लोक शेकोट्या पेटवतात तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीच्या आसाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे.

पायरी ६: जवळचं आणि दूरचं टोक

सूर्याजवळच्या टोकाला उपसूर्य म्हणतात, दूरच्या टोकाला अपसूर्य.

उपसूर्य अंतर = ए × (१ − ई)
अपसूर्य अंतर = ए × (१ + ई)

तक्त्यात ही अंतरं अनुक्रमे लहान लिपीतल्या आणि मोठ्या लिपीतल्या 'क्यू'ने दाखवतात. दोन्ही अक्षरं एकच, त्यामुळे रकाना नीट बघा.

पृथ्वीचं उत्तर १४ कोटी ७१ लाख आणि १५ कोटी २१ लाख किमी. हॅलेचं ०.५९ आणि ३५.१ खगोलीय एकक: एक टोक शुक्राच्या कक्षेच्या आत, दुसरं नेपच्यूनच्या पलीकडे. प्लूटोचं उपसूर्य अंतर २९.७ येतं आणि नेपच्यून सूर्यापासून सुमारे ३०.१ वर असतो, म्हणजे प्लूटो काही काळ नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ असायला हवा. तसा तो १९७९ ते १९९९ या काळात होता.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. उपसूर्य आणि अपसूर्य अंतरांची बेरीज करून निम्मं केलं की अर्धदीर्घ अक्ष मिळतो. त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की अर्धलघु अक्ष. हातात फक्त ही दोन अंतरं असतील तर विकेंद्रतेच्या वाटेला न जाता दोन्ही अक्ष मिळतात. पायरी ९ मध्ये हे कामाला येणार आहे.

पायरी ७: एका फेरीचा काळ

केप्लरचा तिसरा नियम, १६१९ चा. 'ए' खगोलीय एककांत आणि काळ वर्षांत धरला तर काळाचा वर्ग = 'ए'चा घन. कॅल्क्युलेटरवर: 'ए' गुणिले 'ए'चं वर्गमूळ.

मंगळ: १.५२४ × १.२३४५ = १.८८ वर्षं, म्हणजे सुमारे ६८७ दिवस. हॅले: १७.८३ × ४.२२ = ७५.३ वर्षं.

या सूत्रात 'ई' कुठेच नाही आणि 'बी'ही नाही, हे बघितलंत ना? फेरीचा काळ फक्त दीर्घ अक्ष ठरवतो. हॅलेची कक्षा कितीही लांबट असो, १७.८३ त्रिज्येच्या गोल कक्षेत फिरणारा पिंडही तेवढाच वेळ घेईल. कक्षेतली एकूण ऊर्जाही 'ए'वरच अवलंबून असते, म्हणून तक्त्यात 'ए'ला मान आणि 'बी'ला रकानाही नाही.

प्लूटो आणि नेपच्यूनचं नातंही इथेच उलगडतं. ३९.४८ ला ३०.०७ ने भागा: १.३१३. त्याला त्याच्याच वर्गमूळाने गुणा: १.५०. म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या दोन. या तालामुळे प्लूटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येतो तेव्हा नेपच्यून तिथून खूप दूर असतो.

वेळ कक्षेवर सारखा वाटला जात नाही, हे मात्र विसरू नका. लघु अक्षाने हॅलेच्या कक्षेचे दोन सारखे भाग होतात. सूर्याकडच्या अर्ध्या भागात तो सुमारे साडेचौदा वर्षं असतो आणि पलीकडच्या अर्ध्या भागात जवळपास ६१ वर्षं. उपसूर्यापाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५४.५ किमी, अपसूर्यापाशी १ किमीपेक्षाही कमी. फेब्रुवारी १९८६ मध्ये तो सूर्याजवळून गेला, डिसेंबर २०२३ मध्ये दूरच्या टोकाला पोचून परत फिरला, आणि पुढचं उपसूर्य जुलै २०६१ मध्ये आहे.

पायरी ८: 'सरासरी अंतर' या शब्दांपासून सावध

पुष्कळ पुस्तकांत अर्धदीर्घ अक्षाला 'सूर्यापासूनचं सरासरी अंतर' म्हणतात. ग्रहांच्या बाबतीत चालून जातं, धूमकेतूंच्या बाबतीत नाही.

तुम्ही हॅलेचं सूर्यापासूनचं अंतर दर महिन्याला, ७५ वर्षं नोंदवलंत आणि सरासरी काढलीत तर १७.८३ येणार नाही, सुमारे २६ येईल. धूमकेतू दूरच्या भागात रेंगाळतो, त्यामुळे मोठ्या अंतरांच्या नोंदी जास्त. वेळेनुसार सरासरीचं सूत्र ए × (१ + ई²/२). कुणी सूर्याभोवतीचे कोन सारखे पाडून, प्रत्येक अंशाला एक अंतर मोजून सरासरी काढली तर उत्तर आणखी वेगळं येतं, आणि ते बरोबर अर्धलघु अक्षाएवढं असतं: ४.५४. म्हणून 'सरासरी' वाचलंत की कशाची सरासरी हे विचारा. 'ए' ही दोन टोकांच्या अंतरांची सरासरी आहे, एवढं म्हणणं सुरक्षित.

पायरी ९: सूर्याऐवजी ग्रह नाभीत असेल तेव्हा

चंद्र आणि कृत्रिम उपग्रहांनाही हेच नियम लागू. नाभीत ग्रह येतो, एकक किमी होतं, आणि एक नवा सापळा तयार होतो. मंगळयानाचे आकडे घेऊन तो दाखवतो.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरलं. इस्रोने दिलेली अंतरं: जवळचं टोक ४२१.७ किमी, दूरचं ७६,९९३.६ किमी. यांची बेरीज करून निम्मं केलं तर ३८,७०८ येतात. हा अर्धदीर्घ अक्ष नाही! ही अंतरं मंगळाच्या पृष्ठभागापासून मोजलेली उंची आहे, आणि नाभी मंगळाच्या केंद्रात असते. दोन्हींत मंगळाची ३,३९६ किमी त्रिज्या मिळवायला हवी. मग टोकं ३,८१८ आणि ८०,३९० किमी, आणि अर्धदीर्घ अक्ष ४२,१०४ किमी. अर्धलघु अक्ष गुणाकाराच्या वर्गमूळाने: सुमारे १७,५२० किमी. विकेंद्रता ०.९१.

फेरीचा काळ काढायला खगोलीय एककांचं सूत्र इथे चालत नाही, कारण ते सूर्याच्या वस्तुमानासाठी बांधलेलं आहे. मंगळाचाच एखादा उपग्रह मापाला घ्या. डायमॉस मंगळाच्या केंद्रापासून २३,४६३ किमीवर आहे आणि ३०.३ तासांत फेरी मारतो. ४२,१०४ ला २३,४६३ ने भागलं की १.७९४५. त्याला त्याच्या वर्गमूळाने गुणलं, २.४०४. त्याला ३०.३ तासांनी गुणलं, ७२.८ तास. इस्रोने जाहीर केलेला काळ ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद होता. त्रिज्या मिळवायची राहिली असती तर उत्तर ६४ तासांवर आलं असतं, म्हणजे फेरीमागे पावणेनऊ तासांची चूक.

पृथ्वीभोवतीच्या उपग्रहांसाठी असंच चंद्राचं माप घेता येतं: ३,८४,४०० किमी आणि २७.३ दिवस. बातमीत उंची दिलेली असेल तर पृथ्वीची ६,३७८ किमी त्रिज्या आधी मिळवा.

पायरी १०: 'ई' एकाला टेकते तेव्हा

जुलै २०२० मध्ये संध्याकाळी नियोवाइज धूमकेतू दिसत होता. पावसाळी ढगांनी महाराष्ट्रात फार कमी लोकांना तो बघू दिला. त्याची विकेंद्रता ०.९९९ च्या वर होती. अशा पिंडांच्या तक्त्यात 'ए'वर भिस्त ठेवू नका, उपसूर्य अंतरावर ठेवा. कारण ए = उपसूर्य अंतर ÷ (१ − ई). उपसूर्य अंतर ०.२९ धरलं, तर ई ०.९९९० असताना 'ए' २९० येतो आणि ०.९९९५ असताना ५८०. चौथ्या दशांश स्थळाला थोडा फरक आणि कक्षा दुप्पट लांब. काळ तर जवळपास तिप्पट. म्हणूनच नव्या धूमकेतूच्या बातम्यांत 'इतक्या हजार वर्षांनी परत येणार' हा आकडा दर आठवड्याला बदलत असतो, तो फार मनावर घेऊ नये.

'ई' एकाच्या पुढे गेली की लंबवर्तुळच उरत नाही. २०१७ चा ओमुआमुआ (ई सुमारे १.२), २०१९ चा बोरिसोव्ह (सुमारे ३.४) आणि जुलै २०२५ मध्ये सापडलेला थ्री-आय ॲटलास (सुमारे ६.१) हे बाहेरून आलेले पाहुणे, त्यांचा मार्ग उघडा, अपास्त आकाराचा. तक्त्यात त्यांचा 'ए' ऋण दिसतो, ओमुआमुआचा सुमारे −१.३. ती छपाईची चूक नाही. मात्र पायरी ७ मध्ये तो आकडा घालू नका. कॅल्क्युलेटर ऋण संख्येचं वर्गमूळ मागितल्याबद्दल कुरकुर करेल आणि बरोबरच करेल, कारण या पिंडांना दुसरी फेरी नाही.

पायरी ११: तक्त्याची तारीख बघा

प्रत्येक तक्त्यावर एक तारीख असते. त्या क्षणी पिंड ज्या लंबवर्तुळावर होता त्याचे ते अक्ष असतात. गुरू आणि इतर ग्रह सतत ओढत असतात, त्यामुळे अक्ष थोडे थोडे बदलत राहतात. हॅलेच्या इतिहासातल्या फेऱ्या साधारण ७४ ते ७९ वर्षांच्या आहेत, एकच ठाम आकडा नाही. चंद्राचंही तसंच. ३,८४,४०० आणि ०.०५४९ वापरून त्याचं जवळचं अंतर ३,६३,३०० किमी येतं, पण सूर्याच्या ओढीमुळे काही महिन्यांत तो ३,५७,००० च्याही आत येतो.

सर्वांत ठळक बदल अपोफिस या लघुग्रहाचा होणार आहे. सध्या त्याचा 'ए' ०.९२२ आहे, म्हणजे त्याचं वर्ष आपल्यापेक्षा लहान. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किमीवरून जाईल, आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून. त्या एका भेटीत पृथ्वी त्याचा दीर्घ अक्ष ताणेल, 'ए' १.१ च्या आसपास जाईल. 'ए' एकापेक्षा कमी असणाऱ्या आणि पृथ्वीची कक्षा ओलांडणाऱ्या लघुग्रहांना एटन गट म्हणतात, एकापेक्षा जास्त असणाऱ्यांना अपोलो गट. अपोफिस त्या दिवशी गट बदलेल. तोपर्यंतचे जुने तक्ते पुढे वापरले तर सगळंच चुकेल.

अक्षांवरून काय कळत नाही

कक्षा किती तिरकी आहे, तिचं लांब टोक आकाशात कुठल्या दिशेला आहे आणि पिंड आज नेमका कुठे आहे, हे 'ए' आणि 'ई' सांगत नाहीत. त्यासाठी तक्त्यातले बाकीचे चार आकडे लागतात. त्यांतला एकच आत्ता बघून ठेवा: कल. प्लूटोचा १७ अंश. हॅलेचा १६२ अंश, म्हणजे तो ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. कागदावर दोन कक्षा एकमेकींना छेदताना दिसल्या तरी त्या खरंच छेदतात असं कल बघितल्याशिवाय म्हणू नका.

हात बसवण्यासाठी दोन उदाहरणं

सेरेस (बटुग्रह): ए २.७७, ई ०.०७९. उत्तरं: बी २.७६, उपसूर्य २.५५, अपसूर्य २.९९, काळ ४.६ वर्षं.

अपोफिस, २०२९ च्या आधीचा: ए ०.९२२, ई ०.१९१. उत्तरं: बी ०.९०५, उपसूर्य ०.७४६, अपसूर्य १.०९८, काळ सुमारे ३२३ दिवस. शेवटच्या दशांशात एखाद्या अंकाचा फरक आला तर चालेल. 'बी' हा 'ए'पेक्षा मोठा आला, तर वर्गमूळाच्या आत वजाबाकीऐवजी बेरीज झाली आहे.